अपग्रेडच्या आठवड्यात आणखी काय बदललं?

प्रश्न : ताई, मी आकोटजवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम बघतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर विंडोज ११ चढवलं. त्याआधी सहा वर्षं हेच मशीन विंडोज १० वर शांतपणे चालत होतं. आता सकाळी दहाला सुरू केलं की अर्ध्या तासात पंखा घोंघावायला लागतो, डाव्या बाजूच्या कळांवर बोट ठेवलं तर चटका बसतो, आणि दुपारी कापसाच्या गाड्यांची रांग लागली की काही न सांगता सवरता बंद पडतं. काटापट्टी (गाडीच्या वजनाची चिठ्ठी) अर्धवट राहते, शेतकरी खोळंबतात, बोलणी मला खावी लागतात. एका दुकानात दाखवलं. ‘विंडोज ११ या मशीनला झेपत नाही, तापून मदरबोर्डही गेलाय’ असं म्हणून त्यांनी ९,००० रुपये सांगितले. प्रोसेसर इंटेलचा आय-५, आठव्या पिढीचा आहे. रॅम ८ जीबी, आत एसएसडी. परत विंडोज १० टाकू का?
— एक वाचक, आकोट

उत्तर : आधी ते ९,००० रुपये खिशातच राहू द्या. आणि विंडोज १० कडे परत फिरू नका. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार आहेत, ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवणं मला तरी मान्य नाही. राहता राहिलं ‘झेपत नाही’. इंटेलची आठवी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे, ८ जीबी रॅम पुरेशी आहे, वर एसएसडी आहे. न झेपायला काही कारण नाही.

बंद पडून अर्ध्या तासाने निमूट सुरू होणारं मशीन बहुतेक वेळा मेलेलं नसतं, ते स्वतःला वाचवत असतं. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंशांची असते. तिथवर पोचायच्या आधीच तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून तुमची काटापट्टी छापायला वेळ लागतो. वेग कमी करूनही भागलं नाही, तर मशीन वीज तोडतं. तुमच्याकडे दुपारी नेमकं तेच होतंय.

पत्र वाचल्यावर मी आकोटच्या या दादांना फोनवर फक्त दोन आकडे मागितले होते. सगळ्या वाचकांनी हीच रीत धरावी, म्हणून सविस्तर सांगते. मशीन रीस्टार्ट करा. दहा मिनिटं काहीही उघडू नका, माऊसलाही हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयूच्या डोक्यावर किती टक्के आहेत ते लिहून घ्या. हा झाला कामाचा आकडा. प्रोसेसरचं तापमान टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका. हा झाला तापाचा आकडा.

दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचायचे. एकट्या तापमानावरून काही कळत नाही.

काम जास्त आणि तापही जास्त, तर दोष सॉफ्टवेअरकडे. नवी प्रणाली चढवल्यावर मशीन पहिले काही दिवस सतत राबत असतं. सगळ्या फाइलींची यादी ती नव्याने बांधते, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, सगळी डिस्क तपासतो, स्टोअरमधली अ‍ॅप्स अपडेट होतात, वनड्राइव्ह जुळवाजुळव करतं. हा ताप पाहुण्यासारखा आहे, येतो आणि जातो. मी सांगते ते इतकंच की दोन-तीन रात्री लॅपटॉप चार्जरला लावून, झाकण उघडं ठेवून, स्लीप मोडमध्ये जाणार नाही अशा बेताने चालू ठेवा. रात्री त्याचं काम आटोपतं. आठवड्यानंतरही सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांवर घुटमळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू या शब्दावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. तो सर्च इंडेक्सर, म्हणजे फाइलींची यादी बांधणारा, असला तर मोठमोठे फोल्डर यादीतून वगळा. एखादा जुना अँटिव्हायरस किंवा कंपनीने लॅपटॉपसोबत दिलेलं जुनं मदतनीस सॉफ्टवेअर असलं तर ते काढून नवी आवृत्ती टाका. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर उघडून बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, बसलेलाच नाही. मग चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, साधा व्हिडिओ लावला तरी तो तापतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर उतरवा. बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरचं, नवं अपडेट असेल तर तेही तिथेच मिळतं. पंखा कधी किती फिरायचा, हे ठरवणारे नियम पुष्कळदा त्यातच असतात.

काम कमी आणि ताप मात्र जास्त, तर गोष्ट वेगळी. मग उष्णता कमीच तयार होतेय, पण बाहेर पडायची वाट तुंबलीय. तिथे विंडोज दहा वेळा टाका, फरक पडणार नाही.

आकोटच्या दादांचे आकडे आले : काम ६ टक्के, ताप ८४ अंश.

रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपने ४० ते ५५ च्या आसपास असावं. ८४ म्हणजे वाट तुंबली, यात मला शंका राहिली नाही. मग मी तिसरा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा : अपग्रेड केलं त्या आठवड्यात आणखी काय बदललं?

‘काही नाही,’ म्हणाले. मग थोडं थांबून : ‘काट्यावरचा जुना डेस्कटॉप बंद पडला होता. म्हणून हा लॅपटॉप ऑफिसातून काटाघरात नेला. खरेदीचा मुहूर्त त्याच आठवड्यात होता ना.’

हे ऐकलं आणि त्यांना म्हटलं, रविवारी मशीन घेऊन अकोल्याला या.

ज्यांनी जिनिंग आतून बघितलेलं नाही त्यांना सांगते. कापूस गाडीतून खाली होतो, यंत्रात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि या सगळ्यात हवेत बारीक तूस तरंगत राहतं. मजुरांच्या भुवयांवर ते दिसतं, ट्यूबलाइटवर दिसतं, कोळ्याच्या जाळ्याला लटकलेलं दिसतं. काटाघर तर गाड्या खाली होतात त्या दाराशीच असतं. ऑफिसला काचा होत्या, काटाघराला नुसती खिडकी. लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो आणि बाजूने फेकतो. हवेसोबत काय येतंय, हे त्याला कळत नाही.

आत उष्णतेची वाट कशी असते, तेही थोडक्यात बघू. प्रोसेसरवर उष्णता पुढे पोचवणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी. पट्टीला जोडलेली चपटी तांब्याची नळी, जिच्यात हवा काढून थेंबभर पाणी बंद केलेलं असतं. प्रोसेसरच्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि उष्णता अशी वाहत जाते. त्या दुसऱ्या टोकाला पातळ पात्यांची ओळ असते, दोन पात्यांत जेमतेम मिलिमीटरभर फट. पंखा या फटींतून हवा फुंकतो. ही वाट कुठेही अडली की पुढचं सगळं व्यर्थ.

रविवारी मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीची पिन सोडवली, पंख्याचे तीन स्क्रू काढले, आणि पंखा उचलला. बाहेरून जाळी स्वच्छ दिसत होती, दादांनी ती रोज ब्रशने झटकली होती. पण पंखा आणि पात्या यांच्या मधल्या जागेत, जिथे बाहेरून ब्रश पोचूच शकत नाही, तिथे करड्या रंगाची एक पट्टी बसली होती. चिमट्याने टोक धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. नमद्यासारखी घट्ट, करंगळीएवढी लांब. पात्यांच्या बाजूला तिच्यावर उभ्या रेघा उमटलेल्या होत्या, कंगव्यावर दाबल्यासारख्या. पंख्याच्या बाजूचा थर नवा, पांढरा, रुईचा. त्याच्या खालचा जुना, काळसर, सहा वर्षांच्या साध्या धुळीचा. मी ती पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘आमच्या गठाणीचाच नमुना आहे हा.’

आता अपग्रेडचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. जुना धुळीचा थर आधीपासून होता, पण विंडोज १० वर टॅली आणि ईमेल एवढंच काम असल्याने निभावत होतं. अपग्रेडनंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रोसेसर दिवसभर राबला, म्हणून पंखा दिवसभर पूर्ण वेगाने फिरला. नेमका त्याच आठवड्यात तो तुसाच्या हवेत जाऊन बसला होता. जितका जास्त फिरला तितकं जास्त तूस त्याने ओढलं. जितकं तूस बसलं तितकं मशीन तापलं, आणि मशीन तापलं म्हणून पंखा आणखी फिरला. अपग्रेडचं काम आठवड्यात संपलं, तुसाची पट्टी मात्र जागेवर राहिली. दुकानदाराला फक्त तारीख दिसली.

पट्टी काढली, पात्या मऊ ब्रशने साफ केल्या, वाळून खडूसारखी झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली. पुन्हा तेच दोन आकडे घेतले : काम ५ टक्के, ताप ४९ अंश. नंतर अर्धा तास मुद्दाम पूर्ण ताण दिला, ७९ च्या वर गेलं नाही. विंडोज ११ तसंच आहे, मदरबोर्डही तोच आहे.

ज्यांना हे घरी करायचंय त्यांच्यासाठी काही गोष्टी. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, कंपनीच्या केंद्रात न्या. उघडत असाल तर चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा आणि झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू सारखे दिसले तरी लांबीला वेगळे असतात. मी कागदावर लॅपटॉपची चौकट काढते आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या कळांच्या पट्टीला फुगा येतो, असे लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहेत. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो मोकळा भिरभिरू देऊ नका. पेस्ट तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी पुरते. तांब्याच्या पट्टीच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने थोडे थोडे आवळत जा, एकच एकदम कसू नका. पट्टीखाली इतर चिपांवर रबरासारखे मऊ तुकडे दिसले तर ते जपून पुन्हा तिथेच ठेवा. तिथे पेस्ट चालत नाही, कारण ती फट जाड असते.

दादा, तुम्हाला एक वेगळी ताकीद. जिनिंगमध्ये यंत्रं झाडायला हवेचा मोठा कॉम्प्रेसर असतो. मोह होईल, पण तो लॅपटॉपवर वापरू नका. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात, आणि तिच्या जोराने पंख्याचं बेअरिंग जातं. बाहेरून मारली तर ती तुसाची पट्टी आणखी आत पंख्यात ढकलली जाते, मग पंखाच अडकतो.

काटाघरातच मशीन ठेवायचं असेल तर खिडकीला बारीक जाळी लावा आणि ती जाळी रोज झाडा, लॅपटॉप नाही. खाली रेक्झिन किंवा टेबलक्लॉथ नको. दोन लाकडी पट्ट्यांवर बोटभर उंच ठेवा. गाड्या खाली होतात त्या दाराकडे मशीनची पाठ करा. आणि तूस रोजचंच आहे म्हटल्यावर सफाईही हंगामाशी बांधा : एकदा खरेदीच्या मुहूर्ताआधी, एकदा संक्रांतीच्या सुमारास.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आजच बघावी. महिनोन्महिने तापलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगू शकते. टचपॅड एका बाजूने वर आलंय का, झाकण नीट मिटतं का, सपाट टेबलावर मशीन डुगडुगतं का? यातलं काहीही दिसलं तर चार्जिंग लगेच थांबवा, मशीन वापरू नका आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. बाकी सगळ्या गोष्टींना उशीर झाला तरी चालतो, याला नाही.

प्रश्न : मी नागपूरचा निवृत्त शिक्षक. न्यू जर्सीतल्या मुलाने त्याचा २०१९ चा इंटेल प्रोसेसरचा मॅकबुक प्रो मला दिला. एप्रिलमध्ये त्यावर सिक्वोया ही प्रणाली घातली. तेव्हापासून दुपारी एक ते पाच तो इतका मंद होतो की एक ओळ टाइप केली तर अक्षरं मागाहून उमटतात. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘कर्नल टास्क’ ३०० टक्क्यांच्या वर दिसतं. मुलगा म्हणतो, त्याच्याकडे असताना असं कधी झालं नाही. ही कर्नल टास्क बंद कशी करायची?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सर, ती बंद करता येत नाही, आणि करूही नये. मशीन तापलं की कर्नल टास्क मुद्दाम प्रोसेसरची जागा अडवून बसते, म्हणजे इतर प्रोग्रॅमना तो कमी मिळावा आणि उष्णता कमी व्हावी. तिथे एका कोअरचे १०० टक्के धरतात, म्हणून आकडा ३०० च्या वर जातो. तुम्ही जिला रोग समजताय ती तापावर घातलेली पाण्याची पट्टी आहे.

मुलगाही खोटं बोलत नाही. अ‍ॅपलने मॅकबुक वापरण्यासाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंश सांगितलेलं आहे. न्यू जर्सीतल्या घरात ते वर्षभर पाळलं जात असेल. नागपुरात एप्रिल-मे महिन्यात सावलीत पारा ४४-४५ वर जातो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली असेल तर संध्याकाळीही ती निवत नाही. पंखा कितीही फिरला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? तिथे रिकामं बसलेलं मशीन तुमच्याकडे त्याच स्थितीत कितीतरी अंश वर असणार.

यात अपग्रेडची भर पडली. नव्या प्रणालीनंतर स्पॉटलाइट, म्हणजे मॅकची शोधायची सोय, सगळ्या फाइलींची यादी पुन्हा करतं आणि फोटो अ‍ॅप चेहरे ओळखायला बसतं. मुलाने दिलेल्या मशीनवर फोटोंची जुनी थप्पी असणारच. हे काम दिवसा अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, म्हणून महिनाभर रेंगाळलं असेल. ते रात्री उरकू द्या. आठवडाभर रात्री दहा ते सकाळी सहा चार्जरला लावून, घरातल्या सगळ्यात गार खोलीत उघडं ठेवा. दुपारचं लेखन शक्य असेल तर पहाटे करा. हे सांगणं बरं वाटत नाही, पण मे महिन्यात माझ्या कार्यशाळेतही ताण देऊन बघायची सगळी मशीनं मी सकाळी नऊच्या आत उरकते.

कूलरबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. आपल्याकडे लोक लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवतात. तसं करू नका. ती हवा ओलसर असते आणि तिच्यात बारीक तुषार असतात. आमच्या अकोल्याकडे खारपाणपट्ट्यात तर त्या तुषारांसोबत क्षारही येतो. कूलरसमोर दोन उन्हाळे काढलेला एक लॅपटॉप मी उघडला होता, त्याच्या पंख्याच्या पात्यांवर मिठासारखे पांढरे ठिपके होते आणि एका जोडणीवर हिरवा गंज चढला होता. कूलर खोलीसाठी जरूर लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा साचणार नाही, आणि मशीन हवेच्या झोतातून बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

एवढं करून पावसाळा लागला, खोली २८-३० वर आली, आणि तरीही कर्नल टास्क तशीच उसळत असेल, तर मात्र आतली धूळ काढून पेस्ट बदलावी लागेल. सहा वर्षांचं मशीन आहे, कधी ना कधी ते करावं लागणारच.

प्रश्न : ताई, मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचं आणि एनव्हीडियाचं अशी दोन ग्राफिक्स आहेत. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेले. आता काही न करताही तळ गरम असतो आणि चार तास पुरणारी बॅटरी दीड तासात संपते. धूळ काढून घेतली, काही फरक नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तू धूळ आधी काढून घेतलीस हे बरं केलंस, आता वाटेचा प्रश्न उरला नाही. दोन गोष्टी एकदम झाल्या आहेत, ताप वाढला आणि बॅटरी घटली, त्याअर्थी काहीतरी सतत वीज खातंय. माझा संशय एनव्हीडियाच्या कार्डावर आहे. अपग्रेडमध्ये त्याचा ड्रायव्हर सुटला की कार्ड नूव्हो या मोकळ्या (ओपन सोर्स) ड्रायव्हरकडे जातं. काही कार्डांवर त्याला विजेची काटकसर नीट जमत नाही, आणि कार्ड झोपतच नाही.

टर्मिनलमध्ये एनव्हीडिया-एसएमआय ही आज्ञा दे. ड्रायव्हरशी बोलणं होत नाही असं उत्तर आलं किंवा आज्ञाच सापडली नाही, तर निदान पक्कं. ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघड, एनव्हीडियाच्या ज्या ड्रायव्हरसमोर शिफारस लिहिलेली आहे तो निवड आणि रीस्टार्ट कर. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना तुला एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जाऊ शकतं, आणि रीस्टार्ट करताना निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो. कुठलीही कळ दाबून त्यात ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. पुष्कळ जण तो पडदा काय आहे न कळून जाऊ देतात आणि ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही. तुझंही असंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

ड्रायव्हर लागला की एनव्हीडियाच्या सेटिंग्जमध्ये प्राइम प्रोफाइल, म्हणजे कुठलं ग्राफिक्स कधी वापरायचं ती निवड, ‘ऑन डिमांड’वर ठेव. परीक्षेच्या दिवसांत नुसतं लिहिणं-वाचणंच असेल तर इंटेलवर ठेव, मोठं कार्ड पूर्ण झोपेल. तरीही तापलं तर सेन्सर्स या आज्ञेचे आकडे आणि सिस्टिम मॉनिटरमध्ये सगळ्यात वर कोण आहे, हे दोन्ही लिहून पाठव.

प्रश्न : मित्राने माझ्या लॅपटॉपमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याने लॅपटॉप एकदम थंड झाला! हे कायम ठेवलं तर चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तो एक टक्का नाही. १०० च्या खाली आलं की इंटेलच्या प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरज पडली की वेग वाढवायची सोय, बंद होतो. तुम्ही पत्रात आय-५ ८२५०यू लिहिलंय, त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत तो ३.४ पर्यंत जातो. म्हणजे मित्राने वेग निम्म्याहून खाली आणला. थंड होणारच.

पत्र लिहिणं, बँकेचं काम, बातम्या वाचणं यापुढे तुमचं काम जात नसेल तर उन्हाळाभर असंच राहू द्या, काही बिघडत नाही. पण एकदा मर्यादा पुन्हा १०० करून, वर सांगितलेले दोन आकडे घ्या. रिकामं असताना ताप ७० च्या वर दिसला, तर ९९ ने तो झाकला गेलाय आणि आतली वाट साफ करायची राहिलीय. ५० च्या आसपास दिसला तर मशीन निरोगी आहे, मग ९९ ची गरजच नाही. आणि लेकीला ऑनलाइन परीक्षेसाठी किंवा व्हिडिओ कॉलसाठी लॅपटॉप द्याल तेव्हा आठवणीने १०० करून द्या, नाहीतर चित्र अडकत राहील आणि सगळे नेटला दोष देतील.